बोट हवी की समुद्र?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ५९ वर्षांची, डोंबिवलीत राहते. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी सुट्टीत आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचो. डेकवर सतरंजी टाकून झोपायचो आणि पहाटे बाबा उठवून किनारा दाखवायचे. ते डोक्यातून कधी गेलंच नाही. ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे बाजूला ठेवून मी क्रूझचं ठरवलं, तर मिस्टर एका वाक्यात नाही म्हणाले. "तेच पाणी तीन दिवस बघायला एवढे पैसे?" त्यांचं गाव साताऱ्याकडचं, समुद्राचं प्रेम नाही. मुलगा म्हणतो, जायचंच तर सिंगापूरहून जा, बाल्कनीची केबिन घे, मी निम्मे पैसे देतो. सासूबाई ८६ वर्षांच्या, गिरगावात वाढलेल्या. क्रूझचं नाव काढलं की त्यांना रामदास बोट आठवते. घरी औषधंसुद्धा त्या ह्यांच्याच हातून घेतात, माझ्या नाही. एक मैत्रीण माझ्याबरोबर यायला तयार आहे. पण नवऱ्याला घरी ठेवून बायको क्रूझवर, हे बरं दिसेल का? ह्यांना पटवू कसं, की सरळ निघून जाऊ?

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पदर खोचून तुमच्या बाजूने भांडायला उठले होते. तीस-पस्तीस वर्षं शाळा केली, पैसे स्वतःचे आहेत, मग विचारायचं कुणाला? दुसऱ्यांदा वाचताना मात्र सासूबाईंच्या औषधांच्या वाक्यावर थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, थोड्या रागानेच. मला वाटतं, तुमच्या पत्राचं कुलूप तिथे आहे.

मिस्टरांना तुम्ही काटकसरी ठरवून टाकलंत. असतीलही. पण ८६ वर्षांची आई ज्याच्या हातूनच गोळी घेते त्या माणसाला तुम्ही सांगताय की अशा ठिकाणी जाऊ, जिथून मध्येच उतरता येत नाही. महाबळेश्वरहून माणूस रात्री गाडी काढून निघू शकतो. जहाजातून कुठे निघणार? किनारा मागे पडला की फोनची रेंजही जाते. ही भीती बायकोपुढे, तेही मुलाच्या देखत, कुठला साठीचा पुरुष बोलून दाखवेल? "तेच पाणी कशाला बघायचं" म्हणणं सोपं पडतं. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. कदाचित त्यांना पाण्याचीच भीती असेल, पोहता येत नसेल. कदाचित जाहिरातीतले सूटबूट बघून आपण तिथे बावळट दिसू असं वाटत असेल. पण तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्रावरून तर तुम्ही त्यांना कळवलंत असं दिसतं. एकदा दोघंच असताना विचारा, "पैसे सोडा, दुसरं काय अडतंय?" आणि मग गप्प बसा. शाळेत आपण प्रश्न विचारून उत्तरही आपणच द्यायचो, ती सवय इथे नको.

उत्तर आईचं निघालं तर त्यावर उपाय आहे. नणंद किंवा घरातलं कुणी दोन रात्री राहायला आलं पाहिजे, आणि निघण्याआधी आठवडाभर सासूबाईंना त्या माणसाच्या हातून गोळ्या घ्यायची सवय लावली पाहिजे. जहाजाचा संपर्क क्रमांक आणि तुमचा केबिन नंबर घरी फ्रिजवर चिकटवून जा. जहाजावर वाय-फाय वेगळे पैसे भरून मिळतं. ते महाग असतं, पण दोघांत एका फोनपुरतं घ्या, रोज रात्री आईशी बोलणं झालं की मिस्टरांचा जीव भांड्यात पडेल.

सासूबाईंच्या रामदासबद्दल हसू नका. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले. त्या वेळी त्या सातआठ वर्षांच्या असतील. गिरगाव-लालबागच्या चाळींतून कुणी ना कुणी त्या बोटीवर होतं. तेव्हा "आता तसं होत नाही हो" म्हणून त्यांना उडवून लावू नका. एवढंच सांगा, की तो भर पावसाळा होता आणि आपण पावसाळ्यात जाणार नाही. मुंबईहून जायचं तर ऑक्टोबर ते मे. नारळी पौर्णिमेआधी कोळी होड्या काढत नाहीत ते उगाच नाही. माझं विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये डेकवर दुपारी पाय ठेववत नाही.

आता तुमच्याकडे वळते, कारण मला खरी शंका तुमच्याबद्दल आहे. तुम्हाला समुद्र हवाय की जहाज?

तुम्ही ज्या बोटीबद्दल लिहिलंय ती कोकणची बोट होती. ती जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत जायची, बऱ्याच ठिकाणी बाहेर खोल पाण्यातच थांबायची आणि माणसं-बोचकी पडावातून, म्हणजे लहान होडीतून, खाली उतरायची. डेकवर मिठाचा वारा, इंजिनाचा धूर आणि कुणाला तरी बोट लागलेली, हे सगळं मिळून ते होतं. आजची क्रूझ म्हणजे पाण्यावर तरंगणारं हॉटेल. दहा-अकरा मजले, लिफ्ट, कसिनो, रात्री बारापर्यंत गाणी, पोहण्याच्या तलावाकाठी स्पीकर. गंमत अशी की समुद्र तिथे सगळीकडे असतो आणि फारसं कुणी बघत नसतं. मी पहिल्यांदा मुंबई-गोवा केलं तेव्हा सूर्यास्ताला वरच्या डेकवर कठड्याशी आम्ही मोजून सहा माणसं होतो. बाकीचं जहाज जेवायच्या रांगेत.

बाबांची पहाट परत मिळावी म्हणून निघालात तर पहिल्या रात्री डीजेच्या आवाजात तुम्हाला रडू येईल. पण चार दिवस गॅस न पेटवता, उद्याच्या भाजीचा विचार न करता, हातात कपबशी घेऊन पाण्याकडे बघत बसायचं असेल, तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. एकदा सामान केबिनमध्ये टाकलं की ना बॅगा भरायच्या, ना बस पकडायची, ना हॉटेल बदलायचं. गुडघे दुखणाऱ्यांना ही सुट्टी युरोपच्या आठ दिवसांत पाच शहरांपेक्षा शंभर पटीने मानवते. आणि बायकांना तर विशेष, कारण "जेवायला काय करू" हा प्रश्न तिथे कुणीच विचारत नाही.

तेव्हा मोठा बेत करण्याआधी एक छोटा प्रयोग करा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, गाडीसकट. तासाभराचा प्रवास. एखाद्या रविवारी मिस्टरांना घेऊन जा, अलिबागला मासे किंवा मोदक जे चालत असेल ते खा, संध्याकाळी परत या. त्यांना बोट लागते का, ते आत एसीत खुर्ची धरून बसतात की वर येऊन वारा खातात, हे तुम्हाला न विचारता कळेल. पण ही परीक्षा आहे हे लपवू नका. "बघू तरी आपल्याला झेपतं का" असं म्हणा, म्हणजे दोघांचीही परीक्षा होईल. तुम्ही पन्नास वर्षांनी बोटीत बसताय, तुम्हाला आता लागणार नाही कशावरून?

बोट लागण्याबद्दल दोन शब्द, कारण दर चौथं पत्र त्यावर असतं. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो भिंत स्थिर आहे, आणि पोट या भांडणात सापडतं. म्हणून वर मोकळ्यावर या आणि क्षितिजाकडे बघा, फोनमध्ये डोकं घालू नका. पोट रिकामं नको आणि तुडुंब नको. आलेपाक खिशात असू द्या. गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात, नंतर घेतल्या तर त्याच उलटून पडतात. त्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून मिस्टरांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात, डोलणं कमी करायला. नोव्हेंबरात फार तर रात्री कपाटातले हँगर एकमेकांवर टिकटिक करतील आणि ग्लासातलं पाणी तिरकं दिसेल.

केबिन कुठली? इथे मुलाचं ऐकू नका. दोन रात्रींसाठी बाल्कनी म्हणजे बहुतेक वेळा बंद दारामागचे पैसे. मुंबई-गोवा मार्गावर निम्मा प्रवास अंधारात होतो, बाल्कनीतून दिसतो तो काळोख आणि लांब मासेमारी बोटींचे दिवे. तेच दिवे वरच्या डेकवरून फुकट दिसतात. आतली, बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त. पण तिथे दिवा घालवला की मिट्ट काळोख, सकाळ झाली कळत नाही. तुम्हाला पहाट बघायची आहे, म्हणून मी मधली, गोल किंवा चौकोनी खिडकीची केबिन घ्या म्हणेन. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी. डोक्यावर तलाव किंवा पायाखाली नाचाचा हॉल येत नाही ना, हे नकाशावर बघून घ्या. मी एकदा हे न बघता घेतली आणि पहाटे पाचला वर खुर्च्या ओढण्याच्या आवाजाने दचकून उठले. आठवड्याच्या शेवटी निघणाऱ्या फेऱ्यांना मित्रमंडळींचे घोळके आणि त्यांचा गोंगाट असतो. तुम्ही दोघं निवृत्त, सोमवार-मंगळवारची फेरी घ्या. भाडंही बऱ्याचदा उतरलेलं असतं.

पैशाचं स्पष्ट बोलू. जाहिरातीतला आकडा दोघांच्या केबिनमधला माणशी असतो. त्यावर बंदराचं शुल्क आणि कर येतात. समजा माणशी २५ हजार लिहिलेत, तर दोघांचे ५० धरून गप्प बसू नका, "सगळं धरून हातात किती?" असं लेखी विचारा. भाड्यात साधारणपणे राहणं, मुख्य उपाहारगृहातलं जेवण आणि बहुतेक कार्यक्रम येतात. मद्य, काही खास उपाहारगृहं, स्पा, फोटो आणि किनाऱ्यावरच्या सहली यांना वेगळे पैसे. जहाजावर रोख चालत नाही, खोलीचंच कार्ड दाखवायचं. तिथेच माणूस फसतो. मी रोज संध्याकाळी एक कॉफी आणि एकदा हौसेने काढलेले फोटो, एवढंच केलं होतं, शेवटच्या सकाळी दाराखालून बिल सरकलं तेव्हा चष्मा पुसून परत वाचलं. रोज रात्री काउंटरवर जाऊन किती झालं ते बघत चला. परदेशी जहाजांवर माणशी, दररोज अशी टिपही आपोआप लावतात, तीही आधी विचारा.

आणि फोन! निघताच विमान-मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क असतं, आपला फोन त्याला गुपचूप चिकटतो. आमच्या घरी एका व्हॉट्सअॅप फोटोपायी जे बिल आलं त्यात एक पैठणी नाही, पण बरी साडी आली असती.

सामानाचं एक दृश्य सांगते. बॅलार्ड पिअरला तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. त्यांच्या पिशवीतून इलेक्ट्रिक किटली निघाली, इस्त्री निघाली, आणि तीन डबे. किटली आणि इस्त्री आगीच्या भीतीने चालत नाही, घरचं शिजवलेलं अन्नही नेऊ देत नाहीत. काकू बाजूच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी डबे उघडले. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर पुरणपोळीचा चतकोर आला, तपासणीवाल्या मुलीच्याही. मुद्दा असा की शाकाहारी, जैन, सगळं मिळतं, उपाशी राहणार नाही. फार तर सीलबंद चिवडा न्या, तोही कंपनीच्या नियमांत बसतो का बघून. मोठी बॅग ते बंदरावरच घेतात आणि ती केबिनशी पोचायला दोन-तीन तास जातात. तेव्हा दोघांची औषधं, एक कपड्यांचा जोड आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत. देशातल्या फेरीला पासपोर्ट लागत नाही. न्हाणीघर एवढंसं असतं, पडदा अंगाला चिकटतो. परदेशी जहाजावर जेट स्प्रे नसतो, एक मग बरोबर न्या, लाजू नका. सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बोलावून आपत्कालीन कवायत घेतात. टाळू नका, ती सक्तीची असते. जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं हे मिस्टरांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तर निम्मी भीती तिथेच जाईल.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात, वास्कोला लागतं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. तेव्हा उतरून मंगेशी, जुनं गोवं आणि पणजी असं सगळं करायला जाऊ नका, एकच ठिकाण धरा. जहाज ठरल्या वेळी सुटतं आणि आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. त्यांच्याच सहलीने गेलेल्यांसाठी थांबतात, बाकीच्यांनी दोन तास हाताशी ठेवूनच फिरावं. लक्षद्वीपची फेरी जास्त सुंदर, पाणी बघून तुम्हाला वेड लागेल. पण तिथे परवाना लागतो, आणि मोठं जहाज बाहेरच उभं राहतं, लहान बोटीतून किनाऱ्यावर जायचं. थेट तुमच्या पडावासारखं! जहाजाच्या दारातून हलत्या होडीत पाय टाकायचा असतो. तुमचे आणि मिस्टरांचे गुडघे कसे आहेत हे तुम्हालाच ठाऊक. लाटा जास्त असतील तर उतरणंच रद्द होतं, पैसे भरलेले असले तरी.

सिंगापूरचं पुढच्या वर्षी बघा, मुलाला सांगा पैसे ठेव. तिथे व्हिसा लागतो, आणि जहाज बाहेर जाऊन परत येतं म्हणून एकाहून जास्त वेळा प्रवेश देणाराच हवा. विमान आदल्या दिवशीचं घ्या, त्याच दिवशीचं नाही. विमा असा घ्या ज्यात जहाजावरचा डॉक्टर आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला असेल. मध्ये थायलंडला थांबत असेल तर घड्याळ सांभाळा, तिथली वेळ सिंगापूरच्या एक तास मागे. सून-लेक बरोबर यायचा विचार करत असतील तर त्यांनाही सांगा, सहा महिन्यांखालचं बाळ आणि चोवीस आठवड्यांपुढची गरोदर बाई बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

राहिलं मैत्रिणीबरोबर जाण्याचं. बरं दिसेल का, असं विचारलंत. मला उलटं विचारावंसं वाटतं, मिस्टर ट्रेकला किंवा गावच्या जत्रेला एकटे गेले तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला होता? मनातलं विचारल्यावरही ते नाहीच म्हणाले, तर त्यांना घरी आईजवळ सुखाने राहू द्या आणि मैत्रिणीबरोबर जा. रुसून नाही, सांगून, तारीख ठरवून. एकट्या जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं भरावं लागतं, म्हणून मैत्रीण सोन्यासारखी. फक्त निघण्याआधी दोघींनी रात्री किती वाजता दिवा मालवायचा ते ठरवून घ्या, खोली फार लहान असते.

हातात मात्र दोन तिकिटांचे पैसे ठेवून मिस्टरांना विचारा. आणि बुकिंग करताना बाजू मागून घ्या. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे आणि सूर्यास्त उजवीकडे, येताना उलट. बरीचशी जहाजं संध्याकाळी निघून सकाळी गोव्याला लागतात, तसं वेळापत्रक असेल तर पहाटे साडेपाचचा गजर लावा, शाल घ्या, वरच्या डेकच्या डाव्या कठड्याशी जा. जहाज बरंच आत असतं, तेव्हा वेंगुर्ला दिसेलच असं नाही. त्या वेळी तिथे डीजे नसतो, फरशी पुसणारा एक मुलगा असतो आणि चहाचं मशीन चालू असतं. दोन कप घेऊन जा.